सोडून द्यायचा आवाज

क्लास सुटला होता. बारावीची मुलं-मुली जिन्यावरून धाडधाड खाली येत होती आणि सुकन्या भिंतीला चिकटून वर चढत होती. मधल्या वळणावर सगळी गर्दी एकदम थांबली, मग हसत सुटली.

तिथं एक माणूस उभा होता. दोन्ही हातांत दोन पेट्या, दातांत किल्ली… आणि डोक्यावर निळी जाळीची टोपी. टोपीला सगळीकडून रंगीत वायरी लोंबत होत्या.

"सर, केमिस्ट्री डायरेक्ट डोक्यात भरायचं मशीन हाय का?" एका मुलानं विचारलं.

दातांत किल्ली असल्यामुळे माणसाला बोलता येईना. त्यानं सुकन्याकडं बघितलं. तिनं ओंजळ पुढं केली. त्यानं तोंड उघडलं, किल्ली ओंजळीत पडली.

"थँक्यू. टोपी धुतलीय. ओली पेटीत ठेवली की बुरशी धरती. बाहेर पाऊस, हात मोकळे न्हाईत… म्हणून डोक्यावर."

"आणि डोकं? त्याला बुरशी धरत नाही?"

"त्यात काही ठेवलेलं नसतंय, मॅडम. रिकामंच हाय."

सुकन्या हसली. मग तिनं हातातली किल्ली पाहिली. लाल दोरा बांधलेली.

"ही माझ्या खोलीची किल्ली आहे."

"पेट्या ठेवायला खालच्या ऑफिसातून घेतली. मग तुम्ही सुकन्या मॅडम!"

"आणि तुम्ही 'डी'."

"काय?"

"फायलींवर नोंद घेणाऱ्याचं नाव नुसतं 'डी' असतं. मला वाटायचं कुणीतरी म्हातारा माणूस असेल."

"का बरं?"

"रेषा फार स्वच्छ असतात. तरुण माणसाला एवढा धीर नसतो."

तो टोपीसकट लाजला. वायरी हलल्या. "डी म्हणजे दयानंद," तो म्हणाला.

सुकन्या सकाळी खालच्या मजल्यावर सीईटीच्या मुलांना गणित शिकवायची. लातुरात तेव्हा गल्लीगल्लीत क्लास निघाले होते आणि प्रत्येकाच्या पाटीवर पहिल्या आलेल्यांचे फोटो होते. दुपारी मात्र ती वरच्या छोट्या खोलीत संगणकासमोर बसायची. ते काम नांदेडच्या डॉ. हसीना मॅडमचं होतं. त्या मेंदूच्या डॉक्टर. वय वाढलं की माणसाचं लक्ष आणि आठवण कशी बदलते, हे त्यांना बघायचं होतं, तेही खेड्यातल्या म्हाताऱ्या माणसांत. मुखेडकडची काही गावं त्यांनी घेतली होती, किल्लारीकडची काही. दयानंद जीपमध्ये मशीन घालून गावोगाव जायचा, माणसांना टोपी घालायचा, मेंदूतून निघणाऱ्या रेषा नोंदवून आणायचा. सुकन्या त्या रेषा उलगडायची.

म्हाताऱ्या माणसाला खुर्चीत बसवायचं. डोळे मिटायला सांगायचे. मग स्पीकरमधून आवाज सुरू होतात. बहुतेक वेळा जाड आवाज, धम्. मधूनच एखादा बारीक, टिंग. टिंग तेवढे मनात मोजायचे, धम् सोडून द्यायचे. टिंग वाजला की क्षणभरात मेंदूतून एक लाट उठते. मेंदू जणू म्हणतो, 'आला बरं का!' वय वाढलं की ती लाट उशिरा उठते, बुटकी होते.

एका आवाजानं काही दिसत नाही, कारण मेंदूत सारखा गलबला चालू असतो. पण सगळ्या टिंगांनंतरच्या रेषा एकावर एक ठेवून सरासरी काढली, की गलबला आपोआप मिटतो आणि लाट तेवढी उरते. सुकन्याला तो क्षण फार आवडायचा. न पाहिलेल्या माणसानं पडद्यावरून ओ दिल्यासारखं वाटायचं.

त्या दिवसापासून फोन सुरू झाले.

"मॅडम, ग्यानोबा आबांची नोंद कशी आलीय?"

"नोंद कुठली? नुसतं गवत उगवलंय."

"तेल! डोक्याचा डॉक्टर येणार म्हणून सुनेनं वाटीभर तेल थापलं. इलेक्ट्रोड घसरगुंडी खेळायलेत."

"मग डोकं धुवून या म्हणायचं ना."

"म्हणलो की. आबा म्हणले, बिनतेलाचं डोकं घेऊन परक्यापुढं बसायला मी काय सुतकात हाय काय?"

सुकन्या हसत राहिली. फोनच्या पलीकडं तो थांबला… ती हसून संपेपर्यंत थांबला.

"जेवलाव का?" त्यानं विचारलं.

"हे कुठल्या नोंदीत भरायचंय?"

"कुठंच न्हाई. असंच."

मग किल्लारीकडच्या नोंदी आल्या आणि सुकन्या चक्रावली. मुखेडकडच्या माणसांत धम् नंतरची रेषा जवळजवळ सपाट होती. तसंच असायला हवं. जो आवाज पुन्हा पुन्हा येतो, जो सोडून द्यायचा असतो, त्याला मेंदू लवकरच कंटाळतो. पण इथं धम् लाही लाट येत होती. चांगली उंच, लांब पसरलेली. एकदोघांची नाही, झाडून सगळ्यांची. आणि शेवटपर्यंत ती लहान होत नव्हती. टिंगाची लाट उलट बुटकी झाली होती.

तिनं हिशेब पुन्हा तपासला. मग पुन्हा. चूक सापडेना. मग तिला एकच शक्यता दिसली. तिला ती आवडली नाही.

"दयानंद, एक विचारू? रागवायचं नाही."

"रागवण्यासारखं असंल तर आधी जेवलाव का विचारा."

"जेवलात का?"

"हाव. आता विचारा."

"किल्लारीकडं तुम्ही लोकांना काय मोजायला सांगितलं?"

"…टिंग."

"नक्की? गडबडीत कधी, धम् मोजा असं—"

"मॅडम," त्याचा आवाज बदलला. "माझं गाव हाय ते. माझी आई हाय त्या नोंदीत. तिथं गडबड करंन मी?"

सुकन्यानं फोन ठेवला. पण हसीना मॅडमना सांगणं भाग होतं. मॅडम शांतपणे ऐकून म्हणाल्या, "सूचनाच चुकली असेल तर किल्लारीकडचं सगळं बाद करू, बेटा. नुसत्या मुखेडवर लिहू. मला वाईट वाटेल, पण खोटं लिहिण्यापेक्षा ते बरं."

संध्याकाळी दयानंदचा फोन आला. आज त्यानं जेवणाचं विचारलं नाही.

"भूकंपात सगळे आले होते," तो म्हणाला. "फोटो काढले, भाषणं केली, घरं दिली. मग गेले. सोळा वर्षांत ह्या म्हाताऱ्यांना कुणी विचारलं न्हाई, की बाबा, तुझ्या डोक्यात काय चाललंय. मी हसीना मॅडमच्या मागं लागलो, तवा कुठं आमची गावं घेतली. आता मी घरोघर जाऊन सांगू काय, की तुम्ही बाद?"

"रविवारी मी येते."

"कशाला?"

"बघायला. न बघता बाद म्हणायचं नाही मला."

"या," तो एवढंच म्हणाला.

रविवारी सकाळच्या एसटीनं ती किल्लारीच्या फाट्यावर उतरली. तिथून त्याच्या जीपमधून गावात. नवं गाव, सरळ रेषेत आखलेल्या गल्ल्या, एकसारखी स्लॅबची घरं. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस पडत नव्हता. दयानंद नीट बोलत होता. फारच नीट. "या", "बसा", "पाणी घ्या." ह्या नीट बोलण्याचा सुकन्याला जो त्रास झाला, त्याचं तिला नवल वाटलं. हा त्रास नोंदींपायी नव्हता, हे तिला कळलं.

"आधी माझी नोंद घ्या," ती म्हणाली.

"तुमची?"

"त्यांना जसं सांगता, तसंच मला सांगा. एक शब्द इकडंतिकडं नको."

समाजमंदिराच्या मागच्या खोलीत त्यानं तिला खुर्चीत बसवलं. टोपी डोक्यावर चढवली. मग एकेका छिद्रातून केस बाजूला करून तो जेल भरू लागला.

"गार लागंल…"

लागलं. पण ती त्याबद्दल काही बोलली नाही. त्याची बोटं फार हलकी होती. स्वच्छ रेषा कशा येतात, ते तिला आता समजलं.

"डोळे मिटा," तो म्हणाला. "दोन आवाज येतील. बारीक वाजला की मनात मोजायचं. टिंग. जाड वाजला तर सोडून द्यायचं. धम्. चुकलं तरी घाबरू नका, परीक्षा न्हाई ही."

सूचना बरोबर होती. शब्द न् शब्द बरोबर. सुकन्यानं डोळे उघडले.

"मिटा की."

"तुमची सूचना बरोबर आहे."

"मी तेच म्हणलो होतो." तो पडद्याकडं बघत होता. मग त्याच्या ओठांचा कोपरा हलला. ती आल्यापासून पहिल्यांदाच. "पापणी लई लवायली तुमची. सगळ्या रेषांवर डोंगर उठायलेत."

"डोळे उघडे असले की तेवढं व्हायचंच."

"तसं न्हाई. भिंतीकडं बघता तवा होत न्हाई. इकडं बघितलं की व्हायलंय."

"…ते काढून टाकता येतं. नंतर, साफ करताना."

"टाकणार काढून?"

सुकन्यानं टोपीची पट्टी सोडवायला हात वर केला. "ठेवताही येतं," ती म्हणाली.

दयानंदनं घाईनं मशीन बंद केलं, पण चुकीचं बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं.

नंतर सिंधुबाई आल्या, दयानंदची आई. धुतलेले केस मोकळे सोडून, पदर खोचून, परीक्षेला आल्यासारख्या. "पुन्हा बसायचं का रं? मागच्या टायमाला चुकलं काय माझं?"

"न्हाई आई. ह्या मॅडम बघणार हाईत."

ह्या वेळी सुकन्या पडद्याकडं बघत बसली नाही. ती सिंधुबाईंकडं बघत राहिली. डोळे मिटलेले, चेहरा शांत. टिंग वाजला की मांडीवरचं एक बोट किंचित उचलायचं, त्या मोजत होत्या. आणि धम् वाजला की… सुकन्या पुढं वाकली. सिंधुबाईंनी चप्पल काढून ठेवली होती. दर धम् ला त्यांच्या पायाची बोटं आत वळत होती, फरशी पकडल्यासारखी.

नोंद संपल्यावर सुकन्या त्यांच्यासमोर खालीच बसली.

"आई, जाड आवाज सोडून द्यायचा होता ना?"

"दिला की. मोजला न्हाई एकबी."

"मग तो वाजला की काय करता तुम्ही?"

सिंधुबाईंनी जरा विचार केला. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःलाही विचारला नसावा.

"थांबते," त्या म्हणाल्या. "वाजलं की थांबते. पुढं काय होतंय का बघते. काय झालं न्हाई की श्वास सोडते."

दयानंद वायर गुंडाळता गुंडाळता थांबला.

"भूकंपाच्या आधी वर्षभर भुईतून असंच वाजायचं, पोरी. जातं ओढल्यासारखं. आम्ही सगळ्यांना सांगितलं. लोक म्हणले, सोडून द्या. आम्ही दिलं सोडून." त्यांनी पदरानं कपाळावरचं जेल पुसलं. "आता मन म्हणतंय सोड, पण पाय ऐकत न्हाईत."

सुकन्याच्या डोळ्यांसमोर ती लांब पसरलेली लाट आली. ती 'आला बरं का' म्हणणारी लाट नव्हतीच. पुढं काय होतंय, याची वाट बघणारी होती. तिनं तिथूनच, समाजमंदिराच्या पायरीवर उभं राहून, हसीना मॅडमना फोन लावला.

"मॅडम, सूचना चुकली नाही. आपला आवाज चुकला. धम् ऐवजी दुसरं काहीतरी लावू. पाण्यात खडा पडल्यासारखं. डुबुक."

"आणि तरीही लाट आली तर?"

"तर माझं चुकलं. मग करा बाद."

"अगं, सगळ्यांना पुन्हा टोपी घालावी लागेल. दयानंद तयार आहे?"

सुकन्यानं मान वळवली. दयानंद दारात उभा राहून जोरजोरात मान हलवत होता.

"तयार आहे."

"हं. एक सांग, तू वकिली नोंदींची करून राहिलीस की नोंद घेणाऱ्याची?"

"नोंदींची, मॅडम!"

"बरं बाई. आवाज जरा थरथरला म्हणून विचारलं."

डुबुक आवाज दयानंदनं घरच्या रांजणात खडे टाकून भरला. म्हाताऱ्यांना तो फार आवडला. ग्यानोबा आबा मुखेडकडचे, त्यांना दुसऱ्यांदा बसायची गरज नव्हती. तरी त्यांनी फोनवरून, आपल्यालाच धम् का दिला, अशी तक्रार केली. किल्लारीकडच्या नोंदी एकेक करून लातूरला येऊ लागल्या. सुकन्या क्लास संपवून दोनदोन पायऱ्या ओलांडत वर जायची. पहिली नोंद तिनं आल्या आल्या उलगडली. रेषांवर रेषा ठेवल्या, सरासरी काढली.

डुबुकनंतरची रेषा सपाट होती. आणि टिंगाची लाट उंच, वेळेवर, मुखेडकरांच्या तोडीची.

"दयानंद!" तिनं फोनवर नमस्कारही केला नाही. "ह्यांचं लक्ष कमी झालेलंच नव्हतं. ते दोन ठिकाणी वाटलेलं होतं. अर्धं टिंगावर, अर्धं जमिनीवर!"

पलीकडून जीपचं इंजिन बंद झाल्याचा आवाज आला.

"ऐकताय ना?"

"ऐकायलो. पुन्हा एकदा सांगा."

तिनं पुन्हा सांगितलं. त्यानं तिसऱ्यांदा सांगायला लावलं. तिनं तेही केलं.

हसीना मॅडमनी नोंदी पाहिल्या आणि किल्लारी राहिली. नुसती राहिली नाही, तिच्यावर वेगळं प्रकरण लिहायचं ठरलं. फक्त सिंधुबाईंची डुबुकची नोंद बाकी होती. आधी शेतात खुरपणी निघाली, मग पाहुणे आले, असं करत त्या मागं पडल्या होत्या. त्यांची नोंद ठरली त्या दिवशी सुकन्या पुन्हा किल्लारीला आली. यायची तशी गरज नव्हती. नोंद लातूरला आली असतीच. का आलात, असं दयानंदनं विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही.

दुपारची वेळ. बाहेर रिमझिम चालली होती. समाजमंदिराच्या त्याच स्लॅबच्या खोलीत सिंधुबाई खुर्चीत रेलून बसल्या, डोळे मिटले. डुबुक… डुबुक… टिंग… डुबुक. दयानंद आणि सुकन्या पडद्यासमोर शेजारी शेजारी, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या अंतरावर.

थोड्या वेळानं सुकन्यानं पडद्यावर बोट ठेवलं. रेषा बदलत होत्या. डोळे मिटून जागं असताना डोक्याच्या मागच्या भागात ज्या झुलत्या लाटा असतात, त्या विरत चालल्या होत्या. त्यांच्या जागी संथ, रुंद वळणं आली. मधूनच सुताच्या गुंडीसारखा एक दाट पुंजका.

"झोपल्या," ती कुजबुजली. "नोंद वाया गेली. उठवू या?"

"नको." दयानंदनं हळूच आवाज बंद केले. तो पडद्याकडं बघत होता. "आई स्लॅबखाली झोपत न्हाई. भूकंपापासून न्हाई. पाऊस असला तरी ओसरीत, पत्र्याखाली. मी लई सांगून बघितलं…"

खोलीत पंख्याचा आणि सिंधुबाईंच्या श्वासाचा आवाज तेवढा होता. पडद्यावरून ती संथ वळणं एकामागून एक सरकत होती.

"सुकन्या मॅडम…"

"अजून मॅडमच?"

"बरं. सुकन्या." त्यानं नाव घेऊन बघितलं. "इथलं काम संपलं. आता फोन करायला कारण उरलं न्हाई."

"कारण लागतं?"

"आतापावेतो लागायचं. नोंद चांगली असली तरी काहीतरी खोट काढून मी फोन करायचो."

"माहीत आहे. मी चांगल्या रेषासुद्धा खराब आहेत म्हणून सांगायचे."

तो हसला, आणि आई उठेल म्हणून त्यानं तोंडावर हात ठेवला. हात काढला तेव्हा चेहरा गंभीर झाला होता.

"मी जीपमधला माणूस," तो हळू म्हणाला. "आज इथं, उद्या मुखेड, परवा आणखी कुठं. मला लई काही देता यायचं न्हाई. पण दिवस संपला की दिवसभरात काय काय झालं ते कुणाला तरी सांगावं वाटतंय. कोण काय बोललं, काय खाल्लं, कुठं चाक रुतलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर ते नुसतं सांगणं होतंय. तुम्हाला सांगितलं की दिवस झाला असं वाटतंय. तर… रोज सांगायचंय मला. जन्मभर. तुमचं बी ऐकायचंय. चालंल का?"

सुकन्याला उत्तर द्यायचं होतं. उत्तर ओठांवर होतं. पण त्याच्याकडं बघवेना म्हणून तिनं नजर पडद्याकडं वळवली, आणि ती तिथंच अडकली.

"दयानंद…"

"न्हाई म्हणायचं असंल तर—"

"तसं नाही. आई जाग्या आहेत."

"काय?"

"हे बघा." मागच्या भागातल्या त्या झुलत्या लाटा परत आल्या होत्या. एकसारख्या, ठळक. डोळे मिटलेले, पण माणूस पूर्ण जागं. सुकन्यानं नोंद मागं सरकवून पाहिली. तिला हसू आवरेना. "'जीपमधला माणूस'पासून."

दयानंद कानापर्यंत लाल झाला. खुर्चीतून आवाज आला. डोळे अजून मिटलेलेच होते.

"मी काय ऐकत न्हाई. तुमचं चालू द्या."

"आई!"

"अरं, उठले असते तर तू गप्प बसला असतास. तुला मी वळखत न्हाई काय?" मग जरा थांबून, "त्या पोरीचं उत्तर राहिलं की."

सुकन्यानं दयानंदकडं बघितलं. या वेळी नजर वळवली नाही. पापणी लवली, पुन्हा लवली. तिनं ओठ हलवले.

"हो…"

"मोठ्यानं सांग, बाई," सिंधुबाईंनी एक डोळा उघडला. "मशीनला ऐकू आलं असंल. मला न्हाई आलं."

"हो!" सुकन्या म्हणाली. इतक्या मोठ्यानं, की बाहेर ओसरीत पावसामुळं थांबलेली माणसं आत डोकावली.